प्रेमाबाईचा गोडनिंब आणि दोन पासऱ्या

"तोल कसा धरायचा ते मले शिकवू नका," असं नथमल ज्याला त्याला सांगायचा. आणि खरंच होतं ते. रिसोडच्या बाजारात तीस वर्षं त्यानं तराजू धरला होता. काटा मधोमध आल्याशिवाय कुणाची पुडी बांधली नव्हती. असल्या माणसाला ओट्यावरचं एक झाड सरळ उभं ठेवणं काय अवघड? त्या झाडापायी आपल्या दारात पंचनामा होईल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर तो हसला असता. तसा पौषापासून तो हसलाच नव्हता, ही गोष्ट वेगळी.

पौषात त्याची बायको प्रेमाबाई गेली. मूलबाळ नव्हतं. मागे राहिलं ते एक गोडनिंबाचं झाड. कढीत, चिवड्यात ज्याची पानं टाकतात तो गोडनिंब. प्रेमाबाईनं तो माहेराहून, धनजहून, बोटभर रोप असताना ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात लावला होता. त्याला अकरा वर्षं झाली. खालची पानं गल्लीनं खाल्ली, वरची तेवढी उरली. बुडाशी काठीएवढा आणि डोक्यावर हा मोठा पसारा. बारक्या नवरदेवाला दुसऱ्याच कुणाचा तरी फेटा बांधावा तसा तो दिसायचा. त्यातून उन्हासाठी रस्त्याकडे झुकलेला. वारा आला की डबा ओट्यावर टकटक वाजायचा.

शेवटच्या आठवड्यात प्रेमाबाईची खाट दारापाशी आणली होती. एका संध्याकाळी डबा असाच वाजला. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "त्याले पडू देऊ नका."

नथमल खाटेजवळ सरकून बसला. आणखी काही म्हणेल असं त्याला वाटलं. तिनं काही म्हटलं नाही. सकाळी ती गेली.

तिसऱ्या दिवशी उठावण्याला, दुखवट्याला, माणसं जमली आणि नेमका तेव्हाच डबा कलंडला. माती सगळ्यांच्या जोड्यांत सांडली. नथमल तोवर रडला नव्हता. तो उठला आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ती माती गोळा करू लागला. माणसांनी माना खाली घातल्या, दोघांनी डोळे पुसले. नथमल मुळी तुटली की काय ते पाहत होता.

फाल्गुनात झाड आणखी तीनदा पडलं.

त्याची मोठी बहीण जतनबाई त्याला दोन घास करून घालायला येऊन राहिली होती. ती म्हणाली, "वरून छाटून टाक, नथू. डोकं हलकं झालं म्हंजे पडत नाई."

"तिनं अकरा वर्षं त्याले कात्री लावली नाई."

"तिनं तुलेही कात्री लावली नाई, म्हणून तर असा झाला तू."

समोरच्या ओट्यावर शिखरचंदचं कापडाचं दुकान. तो म्हणाला, "दोरीनं खांबाले बांध." नथमलनं बांधलं. बाजाराच्या दिवशी एका गिऱ्हाइकानं दोरी पाहिली, खांब पाहिला आणि आपली शेळी त्याच दोरीला बांधून तो मिरची घ्यायला आत आला. शेळीनं तोंडाला येईल तेवढं खाल्लं, मग वरचं खायला दोन पाय डब्यावर ठेवले. मिरची तोलून होईपर्यंत शेळी खाली, डबा शेळीवर आणि झाड रस्त्यात!

मग नथमलनं डोकं लावलं. तराजूवाल्याचं डोकं. वर जड असेल तर खाली त्याहून जड पाहिजे, इतकी साधी गोष्ट. दगड टाकावे तर डब्यात जागा नाही. थोड्या जागेत फार वजन मावेल अशी एकच वस्तू त्याच्या घरात होती. दुकानाच्या कोपऱ्यात पोत्याखाली ती पडलेली होती.

सरकारनं शेर-पासरी बंद करून किलो आणला, त्या दिवसांतली ही गोष्ट. जुनी वजनं जमा करायची होती. शिखरचंदनं आपला लोखंडी गज देऊन मीटर घेतला, बाकीच्या दुकानदारांनी वजनं जमा केली. नथमलची तेवढी राहिली, कारण जमा करायची मुदत आणि प्रेमाबाईचं आजारपण एकाच महिन्यात आलं. दर दिवाळीला ती वजनं प्रेमाबाई चिंचेनं घासायची, कुंकू लावायची. पासरीच्या कडीत अजून थोडं लाल राहिलं होतं.

अष्टमी आणि चौदस टाळून, चांगला दिवस पाहून, नथमलनं डबा उकरला. जैनाचं घर, माती उकरायची म्हणजे जिवाची काळजी. दोन गांडुळं निघाली, ती त्यानं पानावर घेऊन आडाकडे नेऊन सोडली. पाच-पाच शेरांच्या दोन पासऱ्या तळाला घातल्या, मुळांच्या बाजूनं एक अडीच शेरांची अडशेरी आणि एक शेर. वरून माती दाबली. झाड हलवून पाहिलं. हललं नाही.

आठ दिवस वारा सुटला. गोडनिंब उभा. प्रेमाबाई गेल्यापासून ठेवल्या जागी राहिलेली घरातली ती पहिलीच वस्तू होती. नथमल रोज सकाळी ओट्यावर बसून तिच्याकडे पाहायचा. "तोल मले शिकवू नका," असं एकदा शिखरचंदला म्हणालाही.

गडबड केली फुलसिंगनं. फुलसिंग त्याचा हमाल, तांड्यावरचा. दोन मणाचं पोतं एकटा उचलणारा गडी. ओटा झाडता झाडता त्याला एका हातानं डबा सरकवायचा होता. डबा सरकला नाही. ही गोष्ट फुलसिंगच्या मनाला लागली. तो चहाच्या हाटेलात म्हणाला, "शेटजीच्या डब्यात कायतरी हाय बावा. म्या लावला जोर, जाग्यावून हालत नाई."

दोन दिवसांत गावाला कळलं की नथमलनं बायकोचं सोनं झाडाखाली पुरलं. पुरायला सोनं उरलं कुठं होतं? प्रेमाबाईच्या पाटल्या अकोल्याच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. पण ते नथमलनं बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

जतनबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट आपटून म्हणाली, "मी का चोर हावो? माह्यापासून लपवायले डब्यात पुरून राह्यला?"

"काय पुरलं मी?"

"मले काय माईत? साऱ्या गावाले माईत."

तो बाजाराचा दिवस होता. माणसं येत होती, मीठ-तेल घेत होती आणि जाता जाता डब्याला पायानं ढोसून पाहत होती. एका म्हाताऱ्यानं तर वाकून डब्याला कान लावला. मग विचारलं, "शेटजी, किती तोळे?"

नथमल उभा राहिला. तीस वर्षांत दुकानात त्यानं आवाज चढवला नव्हता. तो आज चढवला.

"सोनं नाई त्यात! दोन पासऱ्या हायेत, एक अडशेरी अन् एक शेर. माह्या दुकानातली जुनी वजनं हायेत. लोखंड हाय, लोखंड. झालं समाधान?"

माणसं गप्प झाली. तेवढ्या शांततेत समोरच्या ओट्यावर कुणीतरी कपबशी खाली ठेवली. खाकी पँट घातलेला एक माणूस शिखरचंदकडे चहा पीत बसला होता. वजनमापाचे साहेब. सकाळच्याच मोटारनं आले होते.

साहेब रस्ता ओलांडून आले. "जुनी वजनं? जमा नाही केली?"

"राहून गेली, साहेब."

"आणि लपवून ठेवली."

"लपवली नाई. टेकू देल्ला झाडाले."

"कुंडीत पुरायची, गरज पडली की काढायची. मी नोकरीत काय काय पाहिलंय."

शिखरचंद मदतीला धावला. मनानं चांगला माणूस, पण त्यानं धावायला नको होतं. "साहेब, त्याची बायको गेली पौषात. त्याचं डोकं ठिकाण्यावर नाई."

"मग अशा माणसाच्या हातात तराजू कसा?" साहेबांनी वही काढली. "उपटा ते झाड."

नथमल डब्याच्या आणि साहेबांच्या मधे येऊन उभा राहिला. "आज चौदस हाय, साहेब. आमी हिरव्याले हात लावत नाई."

"कायद्याला चौदस नसते."

"चैताचं ऊन हाय. आता उपटलं तर मरंल ते. दुकान बंद करा, मले न्या, पण त्याले हात लावू नका."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग झाडाकडे पाहिलं. त्यांच्या वहीत वजनं जप्त करायचा रकाना होता, झाड उपटायचा नव्हता. थोडा विचार करून त्यांनी सगळा डबाच जप्त केला.

पंचनामा झाला. "एक तुपाचा डबा, माती व वजनांसह. त्यात एक झाड, उंची सुमारे सात फूट, कल रस्त्याकडे." पंच म्हणून शिखरचंदची सही. खोडाभोवती सुतळी बांधून वर लाखेचं सील मारलं. सील तुटू नये म्हणून फुलसिंग आणि तीन गड्यांनी मिळून डबा बैलगाडीवर चढवला. फुलसिंग खूश होता. "म्या म्हटलं नव्हतं? चौघं लागले."

गाडी निघाली तसे लोक दारात उभे राहिले. काहींनी हात जोडले. पौषात याच ओट्यावरून एकदा असंच निघणं झालं होतं, त्याची सवय असेल. गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत नथमल गाडीमागे चालला. नाल्यात गाडी हिंदकळली, तसा तो चढून बसला आणि खोड दोन्ही गुडघ्यांत धरलं. वाशीम येईपर्यंत सोडलं नाही.

वाशीमच्या कचेरीनं डबा मागच्या आवारात भिंतीशी ठेवला. नथमलनं कारकुनाला विचारलं, "पाणी कोण घालंल?"

"मुद्देमालात फेरफार करता येत नाही."

"पाणी म्हंजे फेरफार?"

कारकून विचारात पडला. असा प्रश्न पूर्वी आला नव्हता. तेव्हा सेवादास नावाचा शिपाई हळूच म्हणाला, "तुमी घाला, शेटजी. म्या तिकडं पायतो."

मग दर चौथ्या दिवशी नथमल मोटारनं वाशीमला जाऊ लागला. हातात लोटा आणि पांढरं फडकं. कचेरीच्या विहिरीचं पाणी फडक्यातून गाळायचा आणि मग घालायचा. प्रेमाबाई तसंच घालायची.

"हे कायले गाळता?" सेवादासनं विचारलं.

"पाण्यात जीव असतात."

"या विहिरीतले जीव सरकारी हायेत. काई होत नाई त्याईले."

पाणी घालून झालं की दोघं भिंतीच्या सावलीला बसायचे. एकदा नथमल आपणहून म्हणाला, "पडू देऊ नका, इतकंच म्हणाली. आणखी काई म्हणंल असं वाटलं मले. रातभर बसलो."

सेवादासनं तंबाखू मळली. "माही गेली तवा म्हणे, दूध उतू जाऊन राह्यलं. तितकंच. म्या पळत गेलो, तं चुलीवर काईच नव्हतं."

नथमलनं ओलं फडकं पिळून गुडघ्यावर पसरलं.

पावसाळा आला आणि गेला. झाड डब्यात भराभर वाढलं. कचेरीतले लोक घरी जाताना चार-चार पानं न्यायचे. त्याला फेरफार कुणी म्हटलं नाही. दिवाळी झाली. नथमलच्या वजनांना त्या साली कुंकू लागलं नाही. मार्गशीर्षात निकाल लागला. नथमलला समज देऊन सोडलं. वजनं सरकारजमा, झाड मालकाला परत.

नथमल फुलसिंगला आणि गाडीला घेऊन गेला. फुलसिंगनं हातांवर थुंकून डबा धरला आणि जोर लावला. डबा उचलला गेला. पण नुसता डबाच! गंजलेलं बूड जमिनीवरच राहिलं, पत्रा बांगडीसारखा वर आला आणि मातीचा गोळा झाडासह जागच्या जागी उभा. मुळ्या पासऱ्यांना वेढे घालून, बूड फोडून आवाराच्या काळ्या जमिनीत शिरल्या होत्या. फुलसिंगनं खोडाला खांदा लावला. पान हललं नाही.

"उपटा, वजनं इथं द्या, झाड घेऊन जा, सही करा," कारकून रजिस्टर उघडून म्हणाला. "फावडं आहे आत."

नथमलनं खोडावर हात ठेवला. मग दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं, सगळं अंग टाकून. त्या झाडाला पाडायचा प्रयत्न त्यानं आयुष्यात पहिल्यांदा केला. झाड उभं राहिलं. तो थोडा वेळ तसाच टेकून होता.

"आज जमत नाई," तो म्हणाला. "आज चौदस हाय."

कारकुनानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सेवादासनं पाहिलं. फुलसिंगनं, वाचता येत नव्हतं तरी पाहिलं. कारकुनानं दौतीत टाक बुडवला. "वजनं जमिनीत जमा. मुद्देमाल हलण्याजोगा नाही," असं लिहिलं आणि रजिस्टर मिटलं.

निघताना सेवादासनं एक डहाळी तोडून त्याच्या टोपीत ठेवली.

घरी जतनबाईनं रिकामी गाडी पाहिली. "झाड कोठी हाय?"

"उभं हाय."

"आणलं काहून नाई?"

"चौदस हाय म्हटलं त्याईले."

जतनबाईनं बोटांवर तिथी मोजल्या. पुन्हा मोजल्या. "नथू, आज नवमी हाय. तीस वर्षं तराजू धरला, कधी खोटं बोललो नाई म्हणत होता. अन् सरकारात जाऊन बोलला?"

नथमलनं टोपीतली डहाळी काढून तिच्यापुढे धरली. तिनं डहाळी घेतली, कढी केली, ताट वाढलं. पौषापासून जे पुढे येईल ते तो मुकाट्यानं गिळत होता. दगड वाढला तरी खाईल, असं जतनबाई शेजारणीला सांगायची. त्यानं कढीचा एक घोट घेतला. वाटी खाली ठेवली. आणखी एक घोट घेतला.

"बाई," तो म्हणाला, "मीठ कमी हाय."

जतनबाईनं मिठाचा डबा आणून त्याच्यापुढे आदळला. "तूच टाक आता. तोलून."