चपला पळवण्याचा आजार

संगणकाला आपली भाषा कुणी शिकवली? मी! साठी उलटल्यावर अक्षरं गिरवलेला माणूस मी, पण आमच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात माझ्या शब्दाला वजन आहे!

कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या एका संस्थेकडे आमची माहिती संगणकावरून जाणार होती. संगणक बघणारी ताई म्हणाली, "काका, प्रत्येक माहितीच्या आधी-नंतर खूण लावायची. म्हणजे कुठलं काय, ते तिकडच्या संगणकाला कळतं. खुणांना नावं काय देऊ?"

"आपल्या भाषेत दे. नाव, वय, रंग. आणि खोड!"

"खोड कशाला?"

"अगं, खोडी लपवून सोयरीक जुळवायची का?"

मग मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. चपला पळवतो. घोरते. आरशावर भुंकतो.

त्या कुत्र्यांत आमचा साहेबही होता. तीन पायांचा, म्हातारा, दिवसभर माझ्या पायांशी झोपणारा. त्याला घरी न्यायचं फार मनात होतं, पण आमची ही म्हणाली, "घरात एक म्हातारा पुरे!" निदान निवाऱ्यात तरी तो माझ्याजवळ राहावा, एवढीच इच्छा. म्हटलं, याला कोण नेतंय!

माहिती गेली आणि तिकडून फोन आला.

"काका, चपला पळवण्याचा आजार इतरांना लागतो का हो?"

"आजार?"

त्यांच्या संगणकात नाव, वय, रंग यांना जागा होती, खोडीला नव्हती. तिथल्या हुशार गड्याने सगळ्या खोडी उचलून आजाराच्या रकान्यात ओतल्या! आमच्या निवाऱ्याचं रुग्णालय झालं!

"घोरणारीला औषध चालू आहे का?"

हसता हसता मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो.

"एक मात्र ठणठणीत आहे बघा," फोनवरचा माणूस म्हणाला. "साहेब! आजाराची जागा कोरी. एका कुटुंबाने लगेच पसंत केला. गाडी निघालीसुद्धा."

मी खुर्चीत ताठ बसलो. माहिती सांगताना साहेबाची एकही खोड मला आठवली नव्हती!

"अहो, त्याला पाय तीनच आहेत!"

"फोटोत दिसलं त्यांना. पण तब्येत उत्तम ना!"

गाडी आली. त्यांची लहान मुलगी धावत येऊन साहेबाच्या गळ्यातच पडली. कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

काल मुलीच्या आईचा फोन आला. "आजोबा, हा सारखा दाराकडे बघत बसतो. ही खोड जुनीच का?"

"नाही हो, नवीन आहे. जाईल हळूहळू."

तीच खोड मलाही लागली आहे, हे काही बोललो नाही. खुर्ची मी दाराकडे तोंड करून ठेवली आहे खरी, पण ती आपली वाऱ्यासाठी!