केशवकाकांची तपकीर

केशवकाकांना शिंक येणार हे चौकातल्या सगळ्यांना आधी कळायचं. काका चालता चालता थांबत, सदऱ्याच्या खिशातून तपकिरीची पितळी डबी काढत, चारचौघांना दिसेल अशी वर धरून तिला टिचकी मारत, चिमूट नाकाला लावत आणि मग शिंकत. शिंकून झालं की जाहीर करत, "तपकीर कडक हाय हां." रिक्षावाल्यांनी काही विचारलेलं नसायचं.

मसोलीत मी त्यांच्या घरी भाड्यानं राहतो. मी तलासरीकडच्या पाड्यावरचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. डहाणूच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा खोली विचारायला त्यांच्या दारात उभा राहिलो. "झाडांचं शिकलास ना? मग आमच्या झाडांकडे बघ," एवढंच बोलून त्यांनी किल्ली हातात दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही. त्यांनी मात्र माझं नाव त्याच दिवशी विसरून टाकलं. मी 'आमचा ग्रॅज्युएट'.

काका मूळचे चिखल्याचे, मच्छीमार घरातले. होडी पुतण्यांना देऊन इथे आले आणि अंगणात चिकू-आंबे लावले. पण समुद्रावरची सवय गेली नाही. सकाळी दारात उभं राहून वारा हुंगायचा आणि निकाल द्यायचा: "आज खाडीवरचा हाय." "आज हायवेवरचा." बाकी काहीही बिघडलं, नळ गळू दे नाहीतर वीज जाऊ दे, की "जवा दे नी" म्हणून सोडून देत. हवेची गोष्ट मात्र त्यांनी कधी जाऊ दिली नाही.

कारण पिहू. काकांची मुलगी सुनीताताई ठाण्याला असतात, पिहू त्यांची लेक. झाडं फुलायला लागली की पिहूला शिंका, डोळे लाल, रात्री धाप. डॉक्टरांनी परागकणांची ॲलर्जी सांगितली, आणि सुनीताताईंनी तिला फुलांच्या दिवसांत इकडे आणणंच बंद केलं. "बाबा, इथे चार झाडं आहेत तर ही हालत. तुमच्याकडे तर सगळं रानच."

काकांनी मला समोर बसवलं. "ग्रॅज्युएट, खरं सांग. फूल वाईट हाय का?"

मी शिकलो होतो ते सांगितलं. पराग इथेही असतो, तिथेही असतो. पण शहरात गाड्यांच्या धुरानं नाक-घसा आधीच सोललेला असतो, त्यावर पराग जास्त झोंबतो. शिवाय दूषित हवेत परागकण फुटतात आणि बारीक होऊन आत खोलवर जातात.

"म्हंजे कापलेल्या हातानं मासळीला मीठ लावण्यासारखं," काका म्हणाले. "मग मिठाचा काय दोष? पोरीला इथंच आणायला हवी."

त्यांनी फोनवर लेकीला पटवलं. "आमच्याकडं कोण शिंकत नाय." सुनीताताई चैत्रातल्या विवळवेढ्याच्या जत्रेला यायला तयार झाल्या. त्या दिवसापासून काका फवारणीच्या पंपात साधं पाणी भरून रोज सकाळी झाडं धुवायला लागले. पिहूचा हात पोचेल त्या फांद्या तर दोनदा.

"काका, शाम्पू पण लावा," शेजारी कुंपणापलीकडून म्हणाला.

"तुझ्या टकलाला लागत नाय तो दे."

एकदा पंप मारताना डबी खिशातून पडली आणि उघडली. मी उचलली. आत तपकिरीचा कण नव्हता. धुतल्यासारखी स्वच्छ.

काकांनी पंप खाली ठेवला. "हायवेकडं खोदकाम निघालं, ट्रक वाढले, तेव्हापासून मलाच शिंका येतात. मोहोर आला की जास्त. माझी वहिनी मासळीबाजारात बसते, सुनीताला सगळं कळवते. मी इथं शिंकलो की दुपारपर्यंत ठाण्याला पोचतं. म्हणून डबी."

"पिहूला कदाचित त्रास होणार नाही," मी म्हणालो.

"कदाचित," काका म्हणाले आणि वारा हुंगत उभे राहिले.

संध्याकाळी पिहूचा फोन आला. जत्रेला अजून वेळ होता. "आजोबा, मी बॅग भरली. तुमच्याकडे कोणीच शिंकत नाही ना?"

काका उत्तर देणार तेवढ्यात शिंक आली. हात सवयीनं खिशाकडे गेला.

"तपकीर ना आजोबा?"

हात खिशापाशीच थांबला. "नाय गं. फुलांची शिंक हाय. आमची हवा पण बिघडली. औंदा जत्रेला नको येऊ. पाऊस पडून धूळ बसू दे, गणपतीला ये."

पिहू म्हणाली, "पण मी बॅग भरलीये."

"भरलेलीच ठेव," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौकात ते थांबले आणि नुसतेच शिंकले. "काका, डबी विसरलात?" रिक्षावाल्यानं विचारलं. "जवा दे नी," म्हणून पुढे गेले.

जत्रा होऊन गेली. पंप अजून रोज चालतो. उंच फांद्या काका सोडून देतात, पिहूच्या हाताला येतील तेवढ्याच धुतात. परवा पाहिलं तर त्या फांद्यांच्या वरची एक फांदीही धूत होते.

"ही कशाला?" मी विचारलं.

"तोवर पोरगी वाढेल ना," काका म्हणाले.