दारावरचा रडका चेहरा

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. त्या इमारतीत त्या वेळचं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगायला हरकत नाही.

तळमजल्यावर मानसशास्त्राच्या प्राध्यापिका आणि त्यांच्या सासूबाई अशा दोघीच राहत. प्राध्यापिकांना सगळी इमारत नुसतं 'बाई' म्हणे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली इमारतीच्या कचऱ्याची पिंपं होती. खिडकी उघडली की घास गिळवत नसे, बंद केली की सासूबाईंचा जीव गुदमरे. पिंपं मागच्या गल्लीत हलवता आली असती. पण तिथली गाडी ओला-सुका वेगळा केलेलाच कचरा उचलायची. आणि वेगळा करणार कोण?

"मी करायला लावते," बाई चेअरमनसाहेबांना म्हणाल्या. "माणसाचं मन कसं चालतं, हे जन्मभर शिकवतेय मी."

"एकूणएक घर सुधारलं, की त्याच दिवशी पिंपं हलवतो," चेअरमन म्हणाले. ते निवृत्त स्टेशनमास्तर. शिट्टीखेरीज माणसांना काही कळतं, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

पेपर तपासून मान अवघडलेली, तशातच बाईंनी जिन्यात फलक लावला: 'या इमारतीतील बहुतेक घरे कचरा वेगळा करत नाहीत. ही लाजिरवाणी गोष्ट आहे.'

आठवडाभरात, जी दोन-चार घरं वेगळा करत होती, तीही थांबली. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाई तर चिंध्यांचीसुद्धा निराळी पुडी बांधायच्या. बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं.

"अहो, तुम्ही का सोडलंत?"

"मला वाटायचं, सगळेच करतात. तुमचा फलक वाचला तेव्हा कळलं, मी एकटीच वेडी."

बाई मटकन पायरीवर बसल्या. चार जण करतात तेच पाचवा करतो, हे त्या दरवर्षी फळ्यावर लिहीत. आणि इथे स्वतःच्या हातांनी त्यांनी न करणाऱ्यांना परवाने वाटले होते.

"आता काय करणार?" सासूबाईंनी विचारलं.

"दुसरा प्रयोग."

"कर बाई. मी काय, श्वास रोखून बसलेलीच आहे."

दुसरा प्रयोग चेहऱ्यांचा. रोज सकाळी चेअरमननी प्रत्येक दाराबाहेरचा डबा तपासायचा. कचरा वेगळा असेल तर दारावर हसरा कागदी चेहरा, मिसळलेला असेल तर रडका. चेअरमन असे खुलले, जणू पुन्हा नोकरीवर रुजू झाले.

प्रयोग लागू पडला. नको इतका पडला. हसऱ्या चेहऱ्यासाठी इमारत हातघाईवर आली. वरच्या वकिलांनी रडक्या चेहऱ्याला स्थगिती मागितली. पण कचरा निवडत बसायला वेळ कुणाला? त्यापेक्षा सोपी युक्ती निघाली. दूध आणायला उतरताना आपला मिसळलेला कचरा खालच्या कुणाच्या तरी डब्यात ओतायचा. फाटकाकडे जाताना शेवटचा डबा लागे तो बाईंचा.

तिसऱ्या दिवशी सगळी इमारत हसत होती. एकटं बाईंचं दार रडत होतं.

"हे आमचं नाही हो," बाई म्हणाल्या. "दाढीची पाती आहेत यात. आमच्याकडे दाढी कोण करतं?"

"मी," आतून सासूबाई म्हणाल्या. "लिहा म्हणावं तसं, आणि खिडकीखालच्या पिंपांचं बघा."

"दाढी कोण करतं हा माझा विषय नाही," चेअरमन म्हणाले. "डबा तुमच्या दारात आहे."

बाईंनी डबा घरात घेतला. 'तपासणी टाळली' म्हणून पुन्हा रडका. शेवटी सभा भरली. चेअरमननी घसा साफ केला. "आनंदाची गोष्ट अशी, की एक घर सोडून सगळी इमारत सुधारली. दुःखाची अशी, की त्या एका घरामुळे पिंपं हलवता येत नाहीत."

टाळ्या झाल्या. बाईंना इतका शीण आला होता की त्यांनीही वाजवल्या.

पुढे चेअरमन मुलीकडे राहायला गेले; तिथेही शेजाऱ्यांचे डबे उघडून बघतात म्हणे. शिंपीणबाईंनी बाजारात दुकान थाटलं. वकिलांनी हसरा चेहरा चौकटीत बसवून घेतला. सासूबाई धाकट्या लेकाकडे चार दिवस हवापालटाला गेल्या, त्या तिथल्याच झाल्या.

बाई निवृत्त होईपर्यंत हा प्रयोग वर्गात सांगत. एक घर सोडून अख्खी इमारत कशी बदलली, म्हणून. कुणीतरी हमखास विचारी, "मॅडम, ते एक घर कसलं होतं?"

बाई खडू खाली ठेवत. "असतात काही माणसं," त्या म्हणत. "शास्त्र तरी किती पुरं पडणार?"