कापलेली सोळा पानं

मंगळवारी सकाळी चहा पिता पिता भीमराज मेश्रामांनी आपल्या पहिल्यावहिल्या कवितासंग्रहाचं पासष्टावं पान उघडलं, तर तिथे एक इन्स्पेक्टर उभा. तो म्हणत होता, "या खोलीतून कोणीही बाहेर जायचं नाही."

भीमराजभाऊंनी चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा पाहिलं. इन्स्पेक्टर हलला नव्हता. पुढच्या पानावर त्याने दाराबाहेरच्या चपला मोजायला घेतल्या होत्या. भीमराजभाऊंनी चहा तसाच ठेवला आणि लोहारा गावातल्या घनश्यामच्या छापखान्यात फोन लावला.

"घनश्यामभाऊ, माझ्या कवितेत पोलीस घुसले."

"कसे काय जी?"

"पान पासष्टपासून. चपला मोजून राह्यले."

पलीकडे बराच वेळ कागदांची सळसळ ऐकू आली. मग घनश्याम हळू आवाजात म्हणाला, "मेश्रामजी, तुमीच म्हनलं होतं ना, दोन्ही पुस्तकं एकाच खेपेत काढा. दोन्हीचा आकार एक, दोन्हीचे पानं ऐंशी, दोन्हीचे सोळा-सोळा पानांचे फर्मे पाच. बायंडिंगवाल्यानं पाचव्या फर्म्याची थप्पी इकडची तिकडं उचलली दिसते. कवितेचे शेवटचे सोळा पानं गेले रहस्यकथेत, अन् रहस्यकथेचे आले कवितेत. गठ्ठे परत आना, दोन दिवसांत बदलून देतो. रविवारच्या प्रकाशनाले अडचन नाई."

घनश्यामला अडचण दिसत नव्हती. भीमराजभाऊंना मात्र दिसली.

त्यांनी एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केली होती. गाडीत बसूनच त्यांनी रहस्यकथा लिहिल्या. त्या स्वतःच छापून घ्यायच्या आणि कळंबच्या स्टँडवर स्वतःच विकायच्या. ही बारावी, 'पाचवी चप्पल'. प्रत्येक रहस्यकथेची पहिली प्रत बायकोला, रुखमाबाईंना मिळे, आणि त्या तिचा दोन दिवसांत फडशा पाडत. कविता त्यांनी आजवर एकही वाचली नव्हती. "तुमच्या कवितेत कोनी मरतच नाई," त्या म्हणत, "मंग वाचू कायले?"

याच भरवशावर भीमराजभाऊंनी संग्रहाच्या शेवटी त्या सोळा कविता घातल्या होत्या. सोळाच्या सोळा एकाच मुलीवर. लग्नाआधी, शहाऐंशी साली, ते पांढरकवडा-केळापूर गाडीवर होते तेव्हा ती रोज निळी छत्री घेऊन चढायची. दोन वर्षांत त्यांनी तिच्याशी "पास दाखवा" याखेरीज शब्द काढला नाही. पण लग्न ठरताना रुखमाबाईंनी विचारलं होतं, आणि त्यांनी छातीला हात लावून सांगितलं होतं, की आपण आजवर कोण्या मुलीकडे मान वर करून पाहिलं नाही. अडतीस वर्षं ते वाक्य या घरात खांबासारखं उभं होतं.

आणि 'पाचवी चप्पल' काल संध्याकाळीच रुखमाबाईंच्या हातात गेली होती.

त्या ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत वाचत होत्या. भीमराजभाऊंनी वाकून पाहिलं. पान बावन्न.

"ते पुस्तक दे जरा. छापन्यात चूक झाली."

"राहू द्या. मले कथा समजून राह्यली."

"परत द्या लागते छापखान्यात."

"दोनशे प्रती हायेत तुमच्या खोलीत. त्या द्या. मी खुनी भेटल्याशिवाय देत नसते."

सुदैवाने दहा वाजता पीठ संपल्याचं निघालं आणि रुखमाबाई डबा घेऊन गिरणीवर गेल्या. भीमराजभाऊंनी दाढीचं ब्लेड काढलं, पट्टी लावली, आणि आपल्याच आयुष्यातल्या उत्तमातल्या उत्तम सोळा कविता मुळापासून कापल्या. पानं जुन्या खाकी कोटाच्या आतल्या खिशात गेली. पुस्तक मिरच्यांजवळ होतं तसं उपडं ठेवलं. मग ते पेपर उघडून बसले. तो उलटा धरला आहे हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं.

साडेअकराला रुखमाबाईंनी चौसष्टावं पान संपवलं. मग पुस्तक उभं धरलं, कण्यात बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"अहो, याचा शेवट कुठं हाय?"

"मी म्हनलं ना, चूक झाली. उंदरानंही कुरतडलं असन."

"उंदीर पट्टी लावून कुरतडते का?"

अकरा रहस्यकथांत भीमराजभाऊंनीच या बाईला शिकवलं होतं की कापलेल्या कडेकडे नीट पाहावं. त्या उठल्या, फडताळातला दाढीचा डबा उघडून ब्लेड उजेडात धरलं.

"दाढी तर तीन दिवसांची वाढेल हाय तुमची. ब्लेडले कागदाचा भुसा काहून लागला?"

"पेन्सिलीले टोक केलतं."

"पेन्सिलीतून कागद निघत नाई." त्यांनी ब्लेड डब्यात ठेवलं. "घरात मानसं दोन. मी गिरणीवर गेलती."

एवढं म्हणून त्या पायात चप्पल घालून बाहेर पडल्या, आणि तेव्हा भीमराजभाऊंना शेजारच्या हंसाबाई आठवल्या. काल त्यांनाही 'पाचवी चप्पल'ची एक प्रत स्वतःच्या हाताने, सही करून दिली होती. आपल्या प्रत्येक कथेत ते खुनी माणसाला अशी एखादी गोष्ट विसरायला लावत, आणि वाचक पत्रातून विचारत, एवढा हुशार माणूस एवढं कसा विसरला. आता त्यांना उत्तर ठाऊक झालं.

कुंपणापलीकडे हंसाबाईंच्या अंगणात बाजेवर दोन डोकी एका पुस्तकावर वाकली होती. भीमराजभाऊ पडवीतून बघत राहिले. वारा आला की आवाज येई. हंसाबाई मोठ्याने वाचत होत्या:

"'केळापूरच्या फाट्यावर निळी छत्री मिटते, मी भोक पाडतो तिकिटाला, अन् आरपार काळजाला.' बाई, हा कंडक्टर कोन?"

"वाच पुढं," रुखमाबाई म्हणाल्या.

पुढे नर्सिंगचं शिक्षण आलं, खिडकीकडची तिसरी जागा आली, साल आलं. भीमराजभाऊंना वाटलं, कवीने एवढा तपशील देऊ नये. रहस्यकथेची सवय नडली. मग रुखमाबाईंनी कमरेचा मोबाइल काढून धाकट्या भावाला लावला. "इंद्रजीत, मी ताई बोलून राह्यली. तुमच्या पांढरकवड्याले केळापूरकडची कोनी जुनी नर्सबाई हाय का रे?" हे एवढं त्यांनी ऐकलं. मग ते आत जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले आणि मुलाच्या घरी पुण्याला किती दिवस राहता येईल याचा विचार करू लागले.

रुखमाबाई अडीचला आल्या. ताट वाढलं. भाकरी नेहमीएवढीच गरम होती, त्याने भीमराजभाऊ जास्तच घाबरले.

"जेवा. उर्वशीबाई नाव हाय तिचं," त्या म्हणाल्या. "रिटायर झाली. नातवंडं हायेत. फोनवर बोलली मी."

घास तोंडातच राहिला. "काय बोलली?"

"पह्यले कथा सांगतली. मंग सोळाच्या सोळा कविता वाचून दाखवल्या. ऐकल्या तिनं."

"रुखमा, लग्नाच्या आधीचं हाय ते. मी कधी..."

"मले कळते. दोन वर्षांत 'पास दाखवा' म्हननारा मानूस करते काय?" त्यांनी वरण वाढलं. "तुमी त्या कविता कापल्या नसत्या तर मी कविता पाहूनच पुस्तक मिटलं असतं. चोरी केली म्हनून वाचा लागल्या."

भीमराजभाऊ पाणी प्यायले. सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि त्याच श्वासात दुसराच प्रश्न वर आला. तो विचारू नये हे कळत असून त्यांनी विचारला.

"तिले आठवतो मी?"

"नाई. म्हने त्या गाडीवर एक टकला कंडक्टर होता, तो का?"

"तो माझ्या आधीचा."

"मी तेच सांगतलं." रुखमाबाईंनी ताटात आणखी एक भाकरी टाकली. मग ताटाकडे बघतच म्हणाल्या, "ते कवितेचं पुस्तक आना बरं इकडं."

भीमराजभाऊंचा हात थांबला. अडतीस वर्षांत रुखमाबाईंनी कवितेचं काही मागितलं नव्हतं. ते उष्ट्या हाताने उठले, आतून संग्रह आणला, डाव्या हाताने त्यावरची नसलेली धूळ झटकली आणि पहिलं पान उघडून बायकोपुढे धरला.

"सुरुवातीपासून वाच. पहिली तुयावरच हाय."

"ते मंग पाहू," रुखमाबाई म्हणाल्या आणि सरळ पासष्टावं पान काढलं. "उर्वशीबाई माह्या फोनची वाट पाहत हाय. खुनी कोन ते विचारून राह्यली."