धुक्यातली मागची सीट

टाकीवर तान्हं मूल झोपवलंय अशा बेताने ग्रंथपाल मोटरसायकल चालवत. थंडीत तर विचारूच नका. आत दोन स्वेटर, वर जाड कोट, दिवा चालू, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर आणि काटा तिसाच्या पुढे नाही. त्या सकाळी धुकं दाट होतं, दवाने रस्ता निसरडा झाला होता आणि मेव्हणीच्या नव्या घरी दहाला पोचायचं होतं. चालत निघालो असतो तर एव्हाना जेवून परतलो असतो, हे बायकोने पेट्रोल पंप येईपर्यंत चार वेळा ऐकवलं.

पंपावर ती उतरली. टाकी भरून त्यांनी गाडी बाजूला घेतली, मागे सीट दबली, ते निघाले. आरशात काळा कोट, नाकापर्यंत मफलर आणि हेल्मेट एवढंच दिसत होतं.

मागून एक शब्द येईना. रुसली असेल, असं समजून त्यांनी निसरड्या रस्त्यावर ब्रेक कसा हळू दाबावा यावर पाच मिनिटं विवेचन केलं. तेही निमूट ऐकून घेतलं गेलं, तेव्हा ते जरा धास्तावलेच. इतक्यात एक मोटरसायकल शेजारून सुसाट गेली. मागची बाई चालवणाऱ्याला घट्ट धरून काहीतरी ओरडत होती.

"बघ," ग्रंथपाल म्हणाले, "असे लोक स्वतः मरतात आणि बायकोलाही मारतात."

पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. ते अलगद थांबले. पाठीवरून एक हात फिरला.

"किती सांभाळून आणलंस रे बाळा आज."

ग्रंथपालांनी वळून पाहिलं. सत्तरीच्या एक आजी मफलर सोडत होत्या. ग्रंथपालांचा चेहरा बघताच आजींनी पर्स छातीशी धरली. बायको कुठे आहे, हा प्रश्न मनात येतोय तोच समोर, फाटकाला टेकून, ती दिसली. शेजारी तीच सुसाट मोटरसायकल, आणि तिचा तरुण मालक एकदा या बाईकडे, एकदा आजींकडे बघत होता.

पंपावर दोन काळ्या कोटांची अदलाबदल झाली होती. आपण आईलाच घेऊन निघालोय, असं त्या तरुणाला वाटलं होतं.

"आई कधी चूक कबूल करत नाही हो," तो ग्रंथपालांना म्हणाला. "आज मागून सारखं येत होतं, चुकलं माझं, पुन्हा कधी टोकणार नाही. मला इतकं भरून आलं की मी अजून जोरात सोडली."

आजींनी आधी त्याची किल्ली काढून घेतली, मग त्याचं काय करायचं ते बघू म्हणाल्या.

बायको गुपचूप ग्रंथपालांच्या मागे येऊन बसली. बावीस वर्षं त्यांनी ज्या वाक्याची वाट पाहिली, ते परक्याच्या कानात पडलं होतं. त्यांना राहवेना.

"काय म्हणत होतीस गं त्याला?"

"कधी?"

"मघाशी. गाडीवर."

तिने कोटाची बटणं लावली. "काही नाही. फाटक उघडलंय. चालवताय, की उतरून ढकलू?"