पडद्यामागून येईल ते

कॉमेडीतले बेचाळीस इंग्रजी शब्द अल्पेशला अर्थासकट तोंडपाठ होते! पंचलाइन म्हणा, हेकलर म्हणा, डेडपॅन म्हणा. झोपेतून उठवून विचारा, गडी धडाधड सांगणार. फक्त कॉमेडी तेवढी पाठ नव्हती. पण त्याची त्याला काडीचीही काळजी नव्हती.

आता उरणच्या कंटेनर यार्डातला हा माणूस या भानगडीत पडलाच कसा? तर यार्डाचे मालक करमअलीशेठ, दुबईत वीस वर्षं काढून आलेले. त्यांच्याकडे केबिनमधल्या सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती. आधीच्याने वायरलेसवर आलेल्या नंबरात स्वतःची अक्कल घातली आणि द्राक्षांचा कंटेनर तीन दिवस भंगाराच्या रांगेत तापवला. वास अजून जात नव्हता.

"नवा सुपरवायझर इंग्लिशला न घाबरणारा पायजे," शेठ म्हणाले. "न्हायतर बाहेरचा माणूस आणतो."

अकरा वर्षं अल्पेश भर उन्हात उभं राहून कंटेनरांचे नंबर टिपत होता. घरी आला की डोळ्यांची नुसती आग व्हायची. बायको, कल्पिता, थंड दुधाच्या घड्या ठेवायची. केबिनला एसी होता. ती केबिन त्याला हवी म्हणजे हवीच होती! तो छाती काढून म्हणाला, "शेठ, वर्धापनदिनाला पाच मिनिटं इंग्लिशमधे स्टँडअप कॉमेडी करतो. मग तर झालं?"

"इन्शाअल्ला," शेठ म्हणाले. "पाहुण्यांसमोर माझी इज्जत घालवू नको, बस."

आठवीतल्या लेकीने, साक्षीने, वही तयार केली. पुढच्या पानांवर शब्द आणि अर्थ, मागच्या पानांवर इंग्रजी विनोद, सगळं देवनागरीत. शब्द अल्पेशने घोकले. विनोदांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"पप्पा, जोक्स कधी पाठ करणार?"

"ते कशाला? अंबाजीकाका हायत ना!"

अंबाजीकाका म्हणजे गावदेवीच्या जत्रेतल्या नाटकाचे प्रॉम्प्टर. सगळी उमर मिठागरात गेलेली, पण आवाज असा की शेवटच्या रांगेला आधी त्यांचं वाक्य ऐकू जायचं आणि मग नटाचं. गावात ओळी पाठ करायची पद्धतच नव्हती. पंधरा वर्षं अल्पेश राजा होत आला होता, तो सगळा काकांच्या जिवावर. पडद्यामागून येईल ते बोलायचं, डोकं चालवायचं नाही! एकदा काकांना ठसका लागला, तर सिंहासनावर राजाही खोकला होता.

"अवो, पण स्टँडअप हाय ते," कल्पिता म्हणाली. "तिथं माणूस एकटाच उभा राहतो."

"मी एकटाच उभा राहणार. काका बसणार हायत."

वर्धापनदिनाच्या दुपारी मंडप गच्च भरला. पहिल्या रांगेत करमअलीशेठ आणि मुंबईचे पाहुणे, मागे ड्रायव्हर मंडळी. यार्डाच्या मोठ्या कापडी बॅनरमागे काका वही उघडून, चष्मा पुसून बसले. अल्पेशचं नाव पुकारलं आणि तो माइकपुढे जाऊन उभा राहिला. समोर शेठ हाताची घडी घालून बसलेले. आज फसलो तर जन्मभर उन्हात, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"काका, सुरू करा," तो ओठ न हलवता पुटपुटला.

त्याच वेळी कुणीतरी पाहुण्यांसाठी स्टेजच्या बाजूचा मोठा पंखा लावला. वाऱ्याने वहीची पानं फडफडली आणि थेट पहिल्या पानावर जाऊन थांबली. काकांनी काय करावं? प्रॉम्प्टरने समोर दिसेल ते वाचावं, हा धर्म! त्यांनी आवाज लावला, पण पंख्याच्या घरघरीत तो जेमतेम अल्पेशपर्यंतच पोचला.

"कॉमेडियन! म्हणजे लोकांना हसवणारा," अल्पेश म्हणाला.

मंडप चिडीचूप.

"पंचलाइन! म्हणजे हशा आणणारं शेवटचं वाक्य."

कुणी हसेना. अल्पेशच्या लक्षात आलं होतं, हे विनोद नव्हेत, ही तर शब्दांची यादी! पण पंधरा वर्षांची सवय. मागून आलं की तोंड आपोआप उघडायचं. शेठच्या कपाळावर आठ्या चढल्या. केबिन चालली होती, डोळ्यांदेखत चालली होती!

"अरे, जोक सांग ना!" मागून दत्तात्रेय ड्रायव्हर ओरडला.

"हेकलर! म्हणजे मधेच ओरडणारा आगाऊ माणूस."

ड्रायव्हर मंडळींत एकदम हशा फुटला. दत्तात्रेय मटकन खाली बसला.

"डेडपॅन! म्हणजे चेहरा मख्ख ठेवून विनोद करणे." अल्पेशचा चेहरा भीतीनेच दगड झाला होता. पाहुणे खुर्चीत लोळायला लागले.

"अप्लॉज! म्हणजे टाळ्यांचा कडकडाट."

कडकडाट झाला. अल्पेशला वाटलं, सुटलो! तेवढ्यात काकांना ठसका लागला. अल्पेशही खोकला. काका दोनदा खोकले, अल्पेश दोनदा. काका म्हणाले, "पानी कुठं हाय र?" अल्पेशनेही शेठच्या डोळ्यांत डोळे घालून ठणकावून विचारलं, "पानी कुठं हाय र?"

तांब्याला हात घालताना काकांनी आधाराला बॅनर धरला आणि अख्खा बॅनर खाली! खुर्चीत काका, मांडीवर वही, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. लोकांनी हसूनहसून मंडप डोक्यावर घेतला. अल्पेशला मात्र रडू येत होतं. पाहुणे गेल्यावर तो शेठपुढे मान खाली घालून उभा राहिला.

"शेठ, चुकलो. मला इंग्लिश न्हाय येत. काका बोलले तेच बोललो."

"शब्दाला शब्द?"

"व्हय."

"स्वतःचं काहीच न्हाय घातलंस?"

"आपल्याला जमतच न्हाय ते!"

शेठनी दाढीवरून हात फिरवला. "मियाँ, सुपरवायझरला दुसरं काय काम असतं? वायरलेसवर येईल ते तसंच्या तसं पुढे सांगायचं. मला अक्कलवाला नको, ते द्राक्षांत पाह्यलं. सोमवारपासून केबिनमधे बस."

अल्पेश तिथेच त्यांच्या पाया पडला. सोमवारी कल्पिताने त्याला ओवाळून धाडलं. एसीचा गार वारा डोळ्यांवर घेत तो ऐटीत खुर्चीत बसला, वायरलेस समोर ठेवला. पहिलाच संदेश आला. पलीकडचा माणूस आधी खाकरला आणि मग चांगला तीनदा खोकला.

अल्पेशने बटण दाबलं आणि अख्ख्या यार्डाला तसंच्या तसं खोकून दाखवलं!