जाहिरात संपेपर्यंत

आमचे शेजारी हणमंततात्या जाहिरातींशी बोलतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. आटपाडीत आमच्या आणि त्यांच्या घराच्या मध्ये एकच भिंत आहे, आणि ती बांधताना गवंड्याने सिमेंटपेक्षा देवावर जास्त भरवसा ठेवलेला दिसतो. त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक मला येते. तर रोज संध्याकाळी, मी शाळेतून येऊन चहा टाकते त्या सुमारास, भिंतीपलीकडून तात्यांचा खणखणीत आवाज येतो, "एक... दोन... तीन... हां, दाब!" मग मालिका सुरू होते. सासू रडते, सून रडते, मागे ढोल वाजतात, तात्या चिडीचूप. पण एकदा का साबणाची नाहीतर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात लागली की तात्यांना कंठ फुटतो. "व्हय? आन् मग?" "लय झालं की!" "न्हाई, न्हाई, माजं काय न्हाई." जाहिरात संपली की पुन्हा गप्प.

गल्लीत यावर दोन मतं होती. एक मत असं की तात्यांचं जरा सुटलंय. दुसरं मत माझ्या नवऱ्याचं. त्याच्या मते जाहिरातीतल्या बायका मालिकेतल्या बायकांपेक्षा हसऱ्या असतात, त्यामुळे माणूस त्यांच्याशीच बोलणार.

तात्या मूळचे गलाईवाले. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा हा धंदा. आमच्या भागातली घरटी एक-दोन माणसं त्यापायी देशभर पांगलेली आहेत. तात्या मिसरूड फुटायच्या आधी तिकडे तामिळनाडूत सेलमला गेले आणि केस पांढरे झाल्यावर परत आले. मधल्या काळात सणाला, लग्नाला आणि मयताला तेवढे येत. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे भट्टीच्या धगीने कायमचे बारीक झालेले डोळे, आणि दुसरी 'सरी, सरी.' तमिळमध्ये सरी म्हणजे बरं. तात्यांना काही पटलं की सरी, पटलं नाही तरी सरी, फक्त सूर वेगळा. गावी आल्यावर त्यांनी डाळिंबाची बाग लावली आणि कुसुमकाकींच्या शेजारच्या खुर्चीवर बसून टीव्ही बघायला लागले.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलाला, संतोषला, मुलगी झाली. तो पुण्यात नोकरीला. सुनेची रजा संपली तशी काकी नात सांभाळायला पुण्याला गेल्या. तात्या इथेच राहिले. "बाग कुणाच्या भरवशावर टाकू?" असं ते सांगतात, आणि ते खरंच आहे. पण एकदा जाऊन आले होते तेव्हा म्हणाले, "नवव्या मजल्यावर ऱ्हात्यात वं. गॅलरीत जाऊन थुकायची पण सोय न्हाई, खाली कुनाच्या डोसक्यात पडंल."

काकी गेल्या आणि आठवड्याच्या आत तात्यांनी केबल काढली. केबलवाले मुबारकभाई तोंड पाडून अंगणात उभे. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक. मी तुळशीला पाणी घालत होते.

"तात्या, काय चुकलं का आमचं?"

"तुजं न्हाई रं चुकलं," तात्या म्हणाले. "तुज्या वायरीला थांबाय येत न्हाई."

मुबारकभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी तुळशीकडे बघितलं. संतोषने आधीच नेटचा टीव्ही आणून बसवला होता. त्यावर सगळं फुकट दिसतं, मालिकासुद्धा. मग केबलचे पैसे कशाला, असा साधा हिशेब आम्ही लावला. तात्या चिक्कू आहेत असं कुणी उघड म्हटलं नाही, पण मनातल्या मनात सगळ्यांनी म्हटलं.

फुकटच्या टीव्हीवर मात्र तात्यांनी गावाकडचे सगळे रीतिरिवाज लागू केले. व्हिडिओतला माणूस शेवटी हात जोडून सांगतो, आवडलं असेल तर सबस्क्राइबचं बटण दाबा. तात्या दाबायचे. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सांगितलं की पुन्हा दाबायचे. दुसऱ्यांदा दाबलं की पहिलं दाबलेलं रद्द होतं, हे मी त्यांना समजावलं.

"मग त्यो रोज कशाला सांगतोय?" तात्यांनी विचारलं. एवढं गयावया करणाऱ्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्या तत्त्वात बसेना, म्हणून ते दाबतच राहिले.

डाळिंबावरच्या तेल्या रोगाची माहिती देणारा एक तज्ज्ञ आहे. त्याच्या व्हिडिओखाली लोक फवारणीच्या शंका विचारतात. तात्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, "माहिती चांगली दिली. तुमच्याकडं पाऊस झाला का? घरची सगळी बरी हायती का?" त्याचं 'होय काका' असं उत्तर आलं, तेव्हा तात्या ते दाखवायला गल्लीत चार घरं फिरले.

पण सगळ्यात मोठा रिवाज जाहिरातीचा. फुकटच्या व्हिडिओत मध्येच जाहिरात येते आणि जरा वेळाने कोपऱ्यात 'स्किप' दिसतं. माझा अंगठा त्या जागेवर आधीच जाऊन बसलेला असतो. मला थांबणं म्हणून जमत नाही. आमच्या घरात माणसं तीन आणि पडदे चार आहेत, प्रत्येकाच्या कानात आपापली वायर, आणि जाहिरात पूर्ण बघणं आमच्याकडे आजारपणात मोडतं. एकदा काही कामाने तात्यांकडे गेले होते. जाहिरात लागली आणि सवयीने मी रिमोटला हात घातला. तात्यांनी तो असा हिसकावला, जणू मी तिजोरीला हात लावलाय.

"ऱ्हाऊ द्या, मास्तरीणबाई."

"अहो, पुढे ढकलता येते ती."

"म्हाईत हाय मला. फुकट बगायचं आन् वर जाहिरातबी बगायची न्हाई, ह्येला काय म्हनायचं? पंगतीला बसलं तर वाडपी वाडंल ते घ्यावं. मला फक्त जिलबी वाडा, आसं म्हनतंय का कोन?"

मला हसू आलं आणि थोडं कौतुकही वाटलं. एवढ्या मोठ्या कंपनीची भीड बाळगणारा माणूस जगात बहुधा एकटाच असेल.

संतोषला मात्र यातलं काहीच कौतुकाचं वाटेना. तो रविवारचा येऊन गेला. बाप गुडघ्याच्या तेलाची जाहिरात मान हलवत शेवटपर्यंत बघतोय, हे बघून त्याला भडभडून आलं असावं. जन्मभर भट्टीपुढे बसलेल्या बापाने आता असल्या जाहिराती का सोसायच्या? त्याने पैसे भरून बिनजाहिरातीची सोय घ्यायचं ठरवलं. तात्या म्हणाले, "नको." तो म्हणाला, "बाबा, पैशाचं बघू नका." तात्या पुन्हा "नको" म्हणाले आणि बागेत निघून गेले. संतोषने पुण्याला पोचून मला फोन केला.

"मॅडम, मी इथून घेऊन टाकलंय. दोन्ही टीव्हींना तेच खातं चालतं. पुण्यातल्या टीव्हीवर मी चालू केलंय, बाबांच्या टीव्हीवर तेवढं तुम्ही करून द्या. माझं ऐकत नाहीत."

असली कामं मला मनापासून आवडतात. दुसऱ्याच्या घरातलं बिघडलेलं दुरुस्त केल्याचा आनंद काही वेगळाच. तात्या बागेत असताना आमच्याकडे ठेवलेली त्यांची किल्ली घेऊन गेले, दोन बटणं दाबली, आणि आता त्यांना कसं सुखाने बघता येईल या विचारात घरी येऊन चहा टाकला.

त्या संध्याकाळी "हां, दाब!" ऐकू आलं. मालिका सुरू झाली. सासू रडली, सून रडली, ढोल वाजले आणि भाग संपला. मध्ये एकही जाहिरात नाही, आणि तात्यांचा एकही शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तेच. भिंतीपलीकडची शांतता मला ऐकू यायला लागली, आणि ती मला आवडली नाही. त्याच्या पुढच्या संध्याकाळी चहा गाळत होते, तर तात्या दारात. डोक्यावरची टोपी हातात.

"मास्तरीणबाई, त्ये काय केलंय त्ये काडा."

"तात्या, अहो लोक त्यासाठी पैसे मोजतात. संतोषने किती प्रेमाने..."

"म्हाईत हाय. पोरगं गुनाचं हाय माजं." ते उंबऱ्याकडे बघत राहिले. "पर जाहिरात न्हाई तर ती बोलत न्हाई वं."

"कोण?"

"आता कोन म्हंजी! कुसुम."

मी गाळणं खाली ठेवलं. मग तात्या दारातच बसले आणि तुटक तुटक सांगत गेले. लग्न झालं आणि पंधरवड्यात ते पुन्हा सेलमला निघून गेले. गावी यायचे तेव्हा घर माणसांनी भरलेलं, वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची रीत नाही. बोलायचं ते सगळं राहत राहत म्हातारपणावर गेलं. कायमचे परत आले तेव्हा घरात दोघंच उरली होती, आणि बोलायचं काय हेच दोघांना कळेना.

"जेवन झालं का म्हनायचं. झालं म्हनली की मी गप. ती मालिका लावून बसायची, म्हनून मीबी जाऊन बसाय लागलो. मालिकेत मधी बोलल्यालं तिला खपत न्हाई. पर जाहिरात लागली की ती बोलायची. पयल्यांदा मालिकेतलंच, ही सून चांगली, ती वाईट. मग हळूहळू घरातलं. मी नसताना काय काय झालं, आई कशी गेली, संतोषला ताप आल्ता तवा ती कशी येकटी दवाखान्यात बसली. मला कायबी म्हाईत नव्हतं वं. सगळं जाहिरातीत कळलं मला."

काकी पुण्याला गेल्यावर केबलची पंचाईत झाली. इथे मालिका लागायची तेव्हा तिथे नात रडत असायची, आणि केबल कुणासाठी थांबत नाही. नेटवरची मालिका थांबते. मग रोज संध्याकाळी, मुलगा-सून कामावरून यायच्या आत, नात झोपली की काकींनी फोन करायचा, तो तात्यांनी काकींच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवायचा, आणि एक-दोन-तीन म्हणून दोघांनी एकदम बटण दाबायचं.

"मग नुसता फोन करून बोला की," मी म्हटलं. म्हटल्याबरोबर मलाच ते बोलणं कोरडं वाटलं.

"नुसत्या फोनवर ती म्हनती, जेवला का, गोळी घेतली का, ठेवते. झालं. आमाला तसं बोलायचं वळनच न्हाई." तात्या उठले. "संतोषला सांगू नका. पोरास्नी काय वाटंल? ह्या वयात आईबाप रोज फोनवर बोलत्यात म्हनून हसत्याल."

मला आधी रडू आलं, मग संतोषचा राग आला, मग माझा, आणि शेवटी कुणाचाच राग येईना. मी तशीच चप्पल घातली आणि त्यांच्याकडे जाऊन ते खातं टीव्हीवरून काढून टाकलं. तिथूनच संतोषला फोन लावून ठणकावून सांगितलं, "हे बाबांच्या टीव्हीला मानवत नाही. तुमच्याकडच्या टीव्हीवरूनही आत्ताच्या आत्ता काढा." तो इंजिनिअर आहे. पण मास्तरणीने चढ्या आवाजात सांगितलेलं पटण्यापुरता तो अजून विद्यार्थी आहे. ऑफिसातून मोबाइलवरच त्याने ते बंद केलं.

"बसा, च्या टाकतो," तात्या म्हणाले. तेवढ्यात खुर्चीवरचा फोन वाजला. तात्यांनी मला ओठांवर बोट ठेवून खुणावलं, टीव्हीचा आवाज बारीक केला आणि फोन उचलून पुन्हा खुर्चीवर ठेवला. माझ्याकडे बघून ते चक्क लाजले. "एक... दोन... तीन... हां, दाब!"

सासू रडायला लागली. मी भिंतीला टेकून, श्वाससुद्धा बेताने घेत बसले. माझ्या नवऱ्याशी मी शेवटचं निवांत कधी बोलले, याचा विचार करत होते. मग एकदम झगमगाट झाला आणि गुडघ्याचं तेल आलं.

"आवं, आली की जाहिरात!" खुर्चीतून काकींचा आवाज आला. "दोन दिस कुटं गेल्त्या वं? मला वाटलं तुमीच काय करून ठिवलं. नुसतं बघून बघून डोकं उठलं माजं."

"आल्या आता. जात न्हाईत कुटं. पोरगी निजली का?"

"निजली. तुमच्यावानीच निजती, तोंड उघडं टाकून. बागंत फूल लागलं का?"

"लागलं. वड्याकडच्या वळीला लय लागलंय."

मी हळूच उठले. टीव्हीच्या कोपऱ्यात 'स्किप' दिसायला लागलं होतं. तात्यांनी रिमोट उचलून खुर्चीखाली ठेवून दिला. दारात चप्पल घालताना मागून त्यांचा आवाज आला.

"तुजी जाहिरात केवढी हाय गं?"

"लांबडी दिसतीया आज."

"बरं झालं," तात्या म्हणाले.